सगळ्या गावाची मिळून एक पोळी

जनावरांच्या दवाखान्यासाठी बारा महिन्यांच्या पोस्ट आधीच आखून ठेवायच्या, हे काम कोणाही शहाण्या माणसानं अंगावर घेऊ नये. मी घेतलं. मुलगी माझी, दवाखाना तिचा, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून सगळ्यांच्या चुका काढतो याबद्दल घरात एकमत होतं. "बाबा, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलं. आता दवाखान्याचं लिहायचं काम तुमच्याकडे," असं म्हणत तिनं दवाखान्याचा फोन माझ्या हातात ठेवला आणि एक अडलेली म्हैस सोडवायला स्कूटीवरून निघून गेली.

दवाखाना आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात, बाजाराच्या रस्त्याला. मुलीचं म्हणणं असं की रोग झाल्यावर लोक धावत येतात, त्याआधी कोणी येत नाही, म्हणून ऋतू बघून आधीच सांगायला हवं. म्हणणं सोळा आणे खरं होतं, म्हणूनच मी फसलो. मोहफुलं पडायला लागली की शेळ्या ती अधाशासारखी खातात, त्याची एक पोस्ट. उन्हाळ्यात कुत्र्यांच्या पाण्याची. पावसाच्या आधी घटसर्प आणि फऱ्याच्या लशीची, पाऊस लागला की गोचिडांची, दिवाळीत फटाक्यांची. सगळं रीतसर आखलं.

घटसर्पाची पोस्ट मी घासूनपुसून लिहिली. लस कधी, कुठे, कशासाठी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्याखाली आलं काय? जोडलेले हात, गुलाबाची फुलं आणि "शुभ सकाळ सर". एकानं "अभिनंदन" लिहिलं. कशाबद्दल? घटसर्पाबद्दल? त्याआधीच्या दिवाळीत फटाक्यांना कुत्री घाबरतात असं लिहिलं, तर विमानतळाजवळच्या बिरसीच्या एका गृहस्थाचं उत्तर आलं, "आमच्या डोक्यावरून दिवसभर शिकाऊ पोरांची विमानं फिरून राहतात, आमचं कुत्रं मान वर करून पाहत नाही. तुमच्या गोरेगावची कुत्रीच नाजूक आहेत." मी रात्रीचं जेवण कमी केलं. घरच्या डॉक्टरीणबाईंनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं.

पण या सगळ्याहून मोठा ताप म्हणजे शुभेच्छुक. आमच्या भागात कुठलंही चित्र फोनवर आलं की ते जसंच्या तसं पुढे पाठवणं लोकांना कमीपणाचं वाटतं. त्यावर आपला फोटो चिकटवायचा, डोळ्यांवर काळा चष्मा, हात जोडलेले, आणि खाली "शुभेच्छुक". मी गोचिडांवर लिहिलेली पोस्टसुद्धा अशी एका उमेदवाराच्या शुभेच्छांसह माझ्याकडेच परत आली होती. गोचिडांच्या शुभेच्छा कोण कोणाला देतो? ग्रामपंचायतीचं बिगुल वाजायच्या आधीच आमच्याकडे चेहरे तयार असतात.

मग पोळा जवळ आला.

पोळ्याचं मी मनावर घेतलं होतं, त्याला कारण होतं. मी ज्या गावात वर्षानुवर्षं शिकवलं, तिथं पूर्वी पोळ्याला बैलांची रांग मावत नसे. तोरणाखाली पोळा फुटला, म्हणजे रांग सुटली, की ज्याचा तो बैल चार घरी ओवाळून यायचा, चार घास खायचा, गोठ्यात जायचा. आता घरोघरी नाही तरी आळीआळीला ट्रॅक्टर आहे. बैल विकले गेले, पण पुरणपोळ्या करायच्या कोणी सोडल्या नाहीत. ओवाळायचं ताट घेऊन सगळं गाव दारात उभं, आणि गावात जोडी उरली एक.

ती जोडी एका म्हाताऱ्या नवराबायकोची. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, नाल्याच्या खालच्या अंगाला, तिथं ट्रॅक्टर उतरत नाही. चिखलणी त्याच जोडीनं व्हायची आणि धान कापलं की भारे खळ्यावर आणायचे ते तिच्याच गाडीनं. गावातल्या दुसऱ्यांच्या अडचणीच्या बांध्याही म्हातारा करून द्यायचा. त्या बैलांना काही झालं असतं तर त्या दोघांचं पुढचं सगळंच अडलं असतं, हे मला ठाऊक होतं. आणि गोड-पिठाचं एवढं खाणं एकदम पोटात गेलं की बैलाच्या पोटात ते आंबतं, पोट फुगतं, अंगात विष भिनतं, हे मुलीनं मला वहीत आकृती काढून समजावलं होतं.

तयार चित्रांत मला फेटेवाला शेतकरी आणि भलत्याच मुलखातले शिंगाळे बैल मिळत होते. मी चिडून स्वतः गावात गेलो आणि त्याच जोडीचा फोटो काढला. म्हाताऱ्यानं बैल धुऊन उभे केले. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पोळ्याला बैलाला एकच पोळी द्या." त्याखाली: "एका घरची एक नव्हे, सगळ्या गावाची मिळून एक. बाकी घरांनी ओवाळावं आणि मूठभर हिरवा चारा द्यावा."

"बाबा, एकच ओळ ठेवा ना," मुलगी म्हणाली. "दुसरी कोणी वाचत नाही."

"अर्धवट सांगायचं असेल तर सांगूच नये," मी म्हणालो. पस्तिशीच्या बाईला मी अजून असंच बोलतो.

पोळ्याच्या दिवशी माझी पोस्ट फिरली म्हणजे फिरली. वर्षभरात पहिल्यांदा लोकांनी काहीतरी वाचलं होतं. "गुरुजी, बरोबर सांगतलं," असे फोन आले. मी त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलत होतो, हे घरच्यांनी नंतर मला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचा मुलीला फोन आला. "डाक्टरीनबाई, उजवा बैल उठून नाई राहिला जी."

मीही स्कूटीवर मागे बसलो. आम्ही पोचलो तेव्हा अंगण बायामाणसांनी भरलं होतं. उजवा बैल झाडाखाली एका कुशीवर पडून दात खात होता, डोळे आत गेलेले, पोट डाव्या अंगानं वर आलेलं. डावा उभा होता, पण त्याचीही मान खाली. मुलीनं पोटाला कान लावला आणि विचारलं, "काय चारलं?"

"काईच नाई जी जास्तीचं," म्हातारा म्हणाला. "एकेक पोळी."

"कुठे कुठे?"

"घरोघरी. फोटोतली जोडी म्हनून सारेच बलावत होते. दारावर ताट घेऊन उभ्या बाईले नाई कसं म्हनाचं?"

मग बाया बोलायला लागल्या. "आमी तं एकच देल्ली." "आमीबी एकच, गुरुजीनं लिवलं तसंच." "मी तं पोराले रागावली, म्हनलं दुसरी देऊ नोको." प्रत्येकीच्या आवाजात अभिमान होता. सगळ्या गावानं एकेकच पोळी दिली होती, कोणीही नियम मोडला नव्हता, आणि बैल मरत होता.

"खालची ओळ वाचली नाही का तुम्ही?" मी ओरडलोच.

"कोनती खालची ओळ जी?" एका बाईनं पदरानं पुसून फोन माझ्यापुढे धरला.

जोडी होती. मोठी ओळ होती. आणि तिच्याखाली, जिथं मी सगळ्या गावाची मिळून एक असं लिहिलं होतं, तिथं काळा चष्मा लावून, हात जोडून, माझाच एक जुना विद्यार्थी हसत होता. शुभेच्छुक. गावात फिरली ती ही पोस्ट. माझी कोणी पाहिलीच नव्हती.

तो विद्यार्थी थोड्या वेळानं स्वतःच आला, मोटरसायकलवरून, पांढऱ्या कपड्यांत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"ती ओळ का झाकलीस?"

"गुरुजी, मी तं तुमचाच संदेश पसरवला," तो खरोखर गोंधळून म्हणाला. "वरती बैल होते, त्यायच्या तोंडावर फोटो कसा लावाचा? खालती जागा दिसली."

"जागा नव्हती रे, तिथं अक्षरं होती!"

"बारीक होती जी. बारीक अक्षर कोन वाचते?"

दहावीच्या वर्गात मी याला बाकावर उभं केलं असतं. इथं काय करणार? तो वाईट माणूस नाही. त्यानं लगेच शर्टाच्या बाह्या वर केल्या, बादल्या भरून आणल्या, बैलाचं तोंड धरून ठेवलं. मुलीनं नळी घालून पोटातलं जमेल तेवढं काढलं, सोड्याचं पाणी पाजलं, मानेच्या शिरेला सलाईन लावलं. तिचे हात खांद्यापर्यंत भरले होते.

म्हातारा बैलाच्या डोक्याशी बसून होता. तो मला म्हणाला, "डावा वाचला तरी एकटा काय करन जी? त्याले उजवीकडे चालताच येत नाई. लहानपनापासून त्याच बाजूनं जुपला." मी सलाईनची बाटली आणखी थोडी वर धरली.

दुपारी उजवा बैल गेला. डाव्यानं तेवढ्यात थोडा चारा तोंडात घेतला, म्हणजे तो वाचणार होता. मुलीनं हात धुतले, ओसरीच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभी राहिली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. कोणावर करायचा ते मात्र समजत नव्हतं. ज्यांना वर्षभर कानीकपाळी ओरडून एक शब्द वाचायला लावता आला नाही, त्यांनी या एकदाच माझं अक्षरशः ऐकलं होतं.

खिशातला फोन वाजला. गावाच्या ग्रुपवर चित्र आलं होतं. माझ्याच फोटोतला उजवा बैल, गळ्याभोवती झेंडूचा हार चिकटवलेला, वर "भावपूर्ण श्रद्धांजली", आणि खाली तेच जोडलेले हात, तोच चष्मा. मी मान वर करून पाहिलं. तो अंगणात बादल्या विसळत होता, त्याच्या मागं फिरणाऱ्या कोणीतरी पाठवलं असावं. मी फोन फेकणार होतो. मुलीनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

तेवढ्यात दारात पोरं आली. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत लहान पोरं घरोघर फिरतात, आणि घरची बाई त्या बैलांना ओवाळून पोरांच्या हातावर खाऊ ठेवते. झाडाखाली गोणपाटानं झाकलेलं काय आहे ते पोरांना दिसलं, आणि ती दारातच थबकली. एक आपला बैल पाठीमागं लपवायला लागला.

म्हातारी आत गेली आणि ताट घेऊन बाहेर आली. निरांजन, कुंकू, आणि कालच्या उरलेल्या पोळ्यांची चळत. तिनं एकेक लाकडी बैल ओवाळला, पोळीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडाला लावला, उरलेली पोळी पोराच्या हातावर ठेवली, आणि पुन्हा त्याच बैलाच्या तोंडाला दुसरा तुकडा लावला, मग तिसरा.

मला ते बघवेना. "वहिनी, राहू द्या आता," मी म्हणालो. "पुरे झालं."

"चारू द्या जी गुरुजी," ती म्हणाली. "यायले काई होत नाई. हे लाकडाचे आहेत."