काकूंचा पहिला प्रश्न

चूक माझीच होती. आईला एका रविवारात तीन संग्रहालयं दाखवायचा बेत मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितला. असे बेत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सगळे त्यांनाच विचारून ठरवतात.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आईंना किती वेळ उभं राहवतं?" मग निकाल: "एका दिवशी एकच दालन. वस्तू कुठं जात नाहीत, माणूस दमतो."

मी हसलो.

रविवारी ठरल्याप्रमाणेच निघालो. दुसऱ्या संग्रहालयातच आई पायरीवर बसली. म्हणाली, "मला परत कुठं नेऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात काकू घडीचं स्टूल काखेत मारून आल्या आणि आईला एकच दालन बघायला घेऊन गेल्या. त्या रात्री आई जेवताना फक्त तिथल्या पितळी दिव्यांबद्दल बोलत होती.

सकाळी मी खाली गेलो.

"काकू, मी तुम्हाला हसलो आणि माझ्या हौसेपायी आईला दमवलं. चुकलं माझं."