शालीखालचा सौदा

आमच्या जवळा बाजार गावात कलेचा जन्म झाला तो वैजनाथच्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात. लग्नसराई संपली, कॅमेरा रिकामा पडला आणि वैजनाथनं सिनेमा काढायचं ठरवलं. विषय काय, तर थरार आणि प्रेम, दोन्ही एकदम. "एकट्या माणसाची माणसासाठी चाललेली तडफड दाखवायची हाय, सर," तो मला म्हणाला. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून संवाद सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकटेपणावर बोलणाऱ्या या गड्याच्या घरात तेरा माणसं आहेत आणि जरा शांतता मिळावी म्हणून तो दुकानातच झोपतो.

नायक म्हणून त्यानं धरून आणले उकंडराव, वय एकसष्ट, धंदा बैलांची दलाली. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं होतं. उपाय इतका लागू पडला, की ते सगळ्यांच्या मागं उरले. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. भाव नामंजूर असेल तर हात झटकायचा, आणि पटला की हात रुमालाबाहेर काढून चारचौघांत टाळी द्यायची. चाळीस वर्षांत उकंडरावांनी असे हजारो हात धरले. बायको गेल्यापासून नऊ वर्षांत मात्र बैलाचा विषय सोडून त्यांचा हात कुणी धरला नव्हता.

पुण्याचा मुलगा फोनवर एकच प्रश्न विचारायचा. "अप्पा, तिथं तुमचं कोण आहे आता?" भाषा पार पुणेरी झालेली, प्रश्न मात्र बराबर वर्मावर बसायचा. शेवटी रविवारी घराला कुलूप घालून कायमचं पुण्याला जायचं ठरलं. "नववा मजला हाय म्हणे, सर," उकंडराव मला म्हणाले. मुलानं बापासाठी केवढं उंच सुख शोधलं होतं! उकंडरावांचे डोळे भरले होते.

नायिका होती जनकाबाई. दुसऱ्या एका बैलदलालाची लेक, विधवा, बाजारात मिरची विकते, आणि तिखट कशाला म्हणतात ते गिऱ्हाइकाला मिरची न चाखताच कळतं. वैजनाथच्या कथेत ती एकट्या म्हाताऱ्यांना प्रेमात पाडून चहातून विष देते. उरलेसुरले तिचा साथीदार गळा दाबून संपवतो. हा साथीदार म्हणजे गाद्या भरणारे युसूफभाई. गळा धरला की ते हमखास विचारायचे, "तकलीफ तर न्हाई ना व्हत?" अशानं अख्खा आठवडा एकही खून पार पडला नाही.

शनिवारी शेवटचा प्रसंग होता. एसटीच्या थांब्यावर बाकड्यावर दोघं, मांडीवर एकच शाल, बाजूला विषाचा म्हणून ठेवलेला चहाचा थर्मास. उकंडरावांनी शालीखाली तिचा हात धरून म्हणायचं होतं, "मी तुला सोडून कुठंच जाणार नाही." मी संवादाचा कागद घेऊन त्यांच्या पायाशी बसलो होतो. शालीची कड माझ्या नाकासमोर होती, आतलं सगळं मला दिसत होतं. वैजनाथ अर्धा तास कॅमेरा हलवत राहिला. नाचता येईना, अंगण वाकडं.

तेवढ्यात उकंडराव हळूच म्हणाले, "जनकाबाई, म्या पुण्याला न्हाई गेलो, तर हप्त्यातून एक डाव चहाला येत जाल का?"

जनकाबाईनं तोंड उघडलं आणि वैजनाथ ओरडला, "ॲक्शन!"

शालीखाली हात गेले. चाळीस वर्षांची सवय! कापडाखाली हात गेला की उकंडरावांना एकच कळतं. त्यांनी हात धरायचा सोडून तिचं एक बोट धरलं. हप्त्याला एक.

जनकाबाईनं हात झटकला.

उकंडरावांचा चेहरा असा पडला, की वैजनाथ आनंदानं पुटपुटला, "वा! काय काम करून राहिले काका!" मला दोघांचाही राग आला. वैजनाथचा नेहमीचा आणि जनकाबाईचा जास्त. एक चहा जड झाला होता काय हिला?

मग शाल पुन्हा हलली. जनकाबाईनं स्वतः उकंडरावांचा हात ओढून घेतला. आधी अख्खा पंजा धरला. सोडला. मग दोन बोटं धरली. पाच आणि दोन. हप्त्याचे सातही दिवस.

संवाद उकंडरावांना आठवला नाही आणि मीही सांगितला नाही. जनकाबाईनं हात शालीबाहेर काढून पुढं केला आणि उकंडरावांनी त्यावर खणखणीत टाळी दिली.

"कट! कट!" वैजनाथ किंचाळला. "टाळी कुठं लिहिली व्हती? काहून दिली?"

"सौदा पटला की देत असत्यात, बाबा," जनकाबाई म्हणाली. "तुला न्हाई कळायचं."

तेवढ्यात उकंडरावांचा फोन वाजला. मुलगा होता. उद्या किती वाजता निघताय, विचारत होता.

"म्या न्हाई येत," उकंडराव म्हणाले.

"अहो अप्पा, पण तिथं तुमचं कोण आहे?"

जनकाबाई विषाचा थर्मास उघडून दोन कपांत चहा ओतत होती.

"हाय," उकंडराव म्हणाले. "ठेव आता. चहा निवून राहिला."