काट्यांतून आलेली गाडी

रिसोडच्या एसटी स्टँडसमोर पहाटे चहा घेताना टपरीवाल्या काकांनी माझ्या सायकलीकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, एवढ्या उनात कायले निंगाल्या?"

"नागपूरला चाललेय. सांगलीहून आलेय."

"सायकलनं?"

"हो."

काकांनी शेजारच्या गिऱ्हाइकाला कोपरानं ढोसलं. "ऐकलं का? सांगलीहून!" मग माझ्या दोन्ही बाटल्या स्वतःच्या माठातल्या पाण्यानं भरून दिल्या आणि बजावलं, "दहाच्या आत सावली धरा. आमचं ऊन वेगळं हाय, बाई."

मी हसले. पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. विदर्भाचं तापमान फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं होतं की आपल्याला ते ठाऊक आहे असंच वाटायचं. सुट्टी मे महिन्यातच मिळते, म्हणून निघाले होते मे महिन्यात. शिवाय सांगली सोडताना मी सगळ्यांना सांगून बसले होते की पूर्ण अंतर सायकलवरच कापणार, कुणाच्या गाडीत पाय ठेवणार नाही. नऊ दिवस तो हट्ट निभावला होता. बीडच्या पुढे एका बाईनं अंगणात आंघोळीला पाणी तापवून दिलं, जालन्याकडे एका म्हाताऱ्या सायकल दुरुस्तीवाल्यानं ब्रेक नीट करून दिला. लोणारहून रिसोडला येताना एक कुटुंब कलिंगड कापत बसलं होतं, त्यांनी हाका मारून बोलावलं. लोक चांगले भेटत होते, आणि त्या चांगुलपणाची मला सवय होत चालली होती. मी आभार मानायचे आणि पुढे निघायचे.

रिसोड मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं नांगरून पडली होती, ढेकळं उन्हाची वाट बघत असल्यासारखी. मधूनच एखाद्या विहिरीभोवती भुईमुगाचा हिरवा तुकडा दिसायचा. रस्ता चांगला होता, वारा मागून होता. आठच्या सुमाराला मागच्या चाकातून टण्ण असा आवाज आला. एक तार तुटली होती. थोड्या वेळानं दुसरी तुटली, चाक वाकडं होऊन फ्रेमला घासायला लागलं, आणि मी वाकून बघते आहे तोवर टायरनंही दम सोडला.

माझ्याजवळ पंक्चरचं सामान होतं, ताराही होत्या. पण ज्या पान्यानं मागचं चाक उघडतं, तो मी आदल्या रात्री लॉजच्या खिडकीत विसरले होते. म्हणून सायकल हातानं ढकलत चालायला लागले.

एक जीप थांबली. आत माणसं दाटीवाटीनं बसली होती. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "बसा बाई, सायकल टपावर टाकतो. रिठदले सोडून देतो."

"नको दादा, मी जाते चालत."

"अवं, ऊन पाहा ना!"

"जाते म्हटलं ना."

माझा तो चढा सूर मला आजही आठवतो. जीप गेली आणि रस्ता मोकळा झाला.

साडेअकराच्या आसपास दुसरी बाटली संपली. काही वेळानं लक्षात आलं की मला घाम येईनासा झालाय. अंग कोरडं झालं होतं आणि काटा येत होता. आपल्याला थंडी वाजतेय असं वाटलं आणि त्याची गंमतही वाटली. भूगोलाच्या बाईंना मे महिन्यात थंडी! पुढे एक लिंबाचं झाड (आमच्याकडे कडुनिंब म्हणतात ते) दिसत होतं. त्याच्यापर्यंत पोचायचं, एवढं ठरवलेलं आठवतं. पोचलेलं आठवत नाही.

पुढचं बरंचसं मला नंतर कळलं. जसं कळलं तसं सांगते.

लिंबाच्या पलीकडच्या वावरात शोभा आणि तिची सासू उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. शोभा चाळिशीची, तिचा नवरा वाशिमला एका कचेरीत शिपाई. सकाळी मोटरसायकलनं जातो, संध्याकाळी येतो. सायकल आडवी पडल्याचा आवाज ऐकून दोघी धावत आल्या. त्यांनी मला उचलून झाडाखाली नेलं. सासूबाईंनी माझे कपडे सैल केले, विहिरीवरून घागरी आणून माझ्यावर ओतल्या, ओला पदर डोक्यावर ठेवून सुपानं वारा घालायला लागल्या. मी मधूनच डोळे उघडत होते आणि पोरांची हजेरी घेत होते म्हणे.

शोभानं दवाखान्याच्या सरकारी गाडीसाठी फोन लावला. गाडी लांबच्या गावाला गेली होती, यायला तास तरी लागणार होता. नवरा वाशिमला. रस्ता सुनसान. जवळ गाडी एकच, केशवरावांची पिकअप. त्यांचा मळा मधल्या एका वावरापलीकडे.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मला दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून कळली. शोभाचं वावर रस्त्यालगत असलं तरी मध्ये खोल चर आहे; बैलगाडी न्यायची तर वाट केशवरावांच्या रानातून जाते. दोन वर्षांपूर्वी त्या वाटेवरून भांडण झालं. केशवराव म्हणाले, वाट नाहीच, रान माझं आहे. शोभाचा नवरा म्हणाला, आमच्या आज्यापासून इथूनच जातो. तहसीलपर्यंत अर्ज गेले, आणि त्या भांडणात केशवरावांच्या घरातलं कुणीतरी शोभाच्या घराला, त्यांच्या समाजाला धरून असं काही बोललं की सासूबाईंनी ते मला सांगितलं नाही. "तोंडात घ्यावं असं नवतं, माय," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर केशवरावांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. दोन वर्षं ही माणसं शेंगांची पोती डोक्यावर घेऊन लांबच्या बांधानं रस्त्यावर येत होती. बोलणं बंद, लग्नकार्याला जाणंही बंद.

शोभा त्याच काट्यांवरून पलीकडे गेली. केशवराव हळदीची पोती गाडीत भरत होते. तिला अंगणात बघून त्यांचे हात थांबले.

"काय झालं?"

"गाडी पाह्यजे, भाऊ. एक बाई मरून राह्यली."

"कोन बाई?"

"मले काय माईत! सायकलवाली हाय. पांढऱ्या केसाची. अंग नुसतं तव्यावानी तापलं."

केशवरावांनी दुसरं काही विचारलं नाही. भरलेली पोती एकेक करून खाली टाकली. रस्त्यानं फिरून यायला वेळ लागला असता, म्हणून गाडी सरळ वाटेला घातली. काट्यांपाशी उतरले आणि बाभळीच्या फांद्या हातांनी ओढून बाजूला केल्या.

मला नीट शुद्ध आली ती आरोग्य केंद्राच्या खाटेवर. हातात सलाईन होतं. पायाशी एक बाई बसली होती आणि एक परिचारिका तिच्या तळव्यातला काटा चिमट्यानं काढत होती. दाराशी उंच, टोपीवाले गृहस्थ उभे होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. मला वाटलं, मीच भ्रमात ओरबाडलं की काय. मी माफी मागायला लागले.

"तुमी नाई वो बाई," ते म्हणाले. "पडून राहा तुमी."

ती बाई त्यांच्याकडे बघत नव्हती, ते तिच्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, नवरा-बायको आहेत आणि माझ्यापायी भांडलेत.

डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस प्रवास बंद सांगितला. मी लॉजचं नाव काढताच शोभा म्हणाली, "लॉजवर कोन पाहीन तुमाले? घरी चाला." मी नेहमीच्या सवयीनं "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि तिनं माझी पिशवी आधीच उचललेली पाहिली. मग मी खाटेखालच्या चपला शोधायला लागले.

वावरातल्याच त्या घरात मी दोन रात्री राहिले. दोन खोल्या, पत्र्याचं छत, छतावर भिजवलेली पोती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली शोभाच्या मुलीचं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र काचेत लावलेलं. मुलगी अकोल्याला शिकते. मला तिची खाट मिळाली. पहिल्या दिवशी नुसतं पन्हं आणि मीठ-साखरेचं पाणी. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आमरसाबरोबर सरगुंडे (काडीवर गुंडाळून वाळवलेल्या गव्हाच्या जाड शेवया) वाढले. मी तीनदा घेतले तेव्हा त्या शोभाला म्हणाल्या, "आता जगते हे बाई."

त्याच दुपारी मी शोभाला विचारलं, "केशवरावांच्या अंगणात जाताना काय वाटलं तुम्हाला?"

ती शेंगा फोडत होती. हात थांबवले नाहीत. "काट्यापाशी गेली तवा पाय थांबला माहा. खोटं कायले बोलू? वाटलं, हा मानूस नाई म्हनीन, मंग त्याचं तोंड जन्मभर कसं पाहू? पन तुमी तिकडं हजेरी घेऊन राह्यल्या होत्या. जा म्हटलं."

"आणि नाही म्हणाले असते तर?"

"तर तुमी गेल्या असत्या, आन आमचं भांडन कधीच मिटलं नसतं."

"म्हणजे आता मिटलं?"

ती हसली. "तसं कुठी!"

संध्याकाळी पिकअपचा आवाज आला. ती गाडी त्या वाटेवरूनच आली होती. मागे माझी सायकल. केशवरावांनी ती रिसोडला नेऊन चाक सरळ करून आणलं होतं. ते अंगणाच्या कडेला उभे राहिले, आत आले नाहीत. शोभाचा नवरा दारात होता, शोभा चुलीपाशी. केशवराव माझ्याकडे बघत म्हणाले, "सायकल झाली म्हना बाई, याइले सांगा."

नवरा तीन हातांवर होता. मी आज्ञाधारकपणे त्याच्याकडे वळले. "सायकल झालीय म्हणतात."

"चा घ्या म्हना त्याइले," शोभा आतून म्हणाली.

"चहा घ्या म्हणतात."

केशवरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "साखर कमी टाका म्हना."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग मलाही आवरेना. केशवरावांनी चहा उभ्यानंच घेतला, पण घेतला. कप शोभाच्या हातात न देता ओट्यावर ठेवला. जाताना मला म्हणाले, "उद्या हळद घेऊन वाशिमले जातो. पहाटे येतो. सायकल गाडीत टाकू."

मी हो म्हटलं. कुणाच्या गाडीला, सांगलीहून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

पहाटे शोभानं बेसन-भाकर बांधून दिली. निरोप घेताना मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "पोचल्यावर फोन करा. दुपारी चालू नका, बाप्पा." हळदीच्या पोत्यांच्या वासात मी वाशिमला पोचले. वाटेत केशवराव पाऊस, भाव, त्यांच्या गुडघेदुखीबद्दल बोलले. त्या घराबद्दल चकार शब्द नाही. उतरताना मी म्हटलं, "तुम्ही माझा जीव वाचवलात." ते आपल्या हातांवरच्या खपल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते पोरगी अनवानी आली होती काट्यावरून. नाई कसं म्हनू?"

पुढे अमरावती, नागपूर. पहाटे चालवायचं, नऊला थांबायचं. नागपूरहून रेल्वेनं परतले.

सांगलीत मैत्रिणींनी हार आणला. "सगळं सायकलवर?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं, कशामुळे तेही सांगितलं. "तिकडची माणसं किती चांगली ना!" एकजण म्हणाली. मी मान हलवली, पण ते मला पुरेसं वाटलं नाही. ती माणसं आपल्यासारखीच आहेत. एकमेकांची वाट अडवणारी, लागेल असं बोलणारी, दोन वर्षं अबोला धरणारी. अनोळखी बाईला मदत करणं त्यांना जड गेलं नाही. जड गेलं ते एकमेकांच्या अंगणात पाय ठेवणं, आणि माझ्यासाठी त्यांनी तेही केलं. मी त्यांना काय दिलं, याचा विचार केला तर हाती एवढंच लागतं की त्यांच्यापाशी आले तेव्हा मी कुणाचीच कुणी नव्हते. म्हणून दोघांनाही माझ्यासाठी माघार घेता आली.

जूनमध्ये शोभाला फोन केला. पेरणीची घाई होती, मागे बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. मी हळूच विचारलं, "वाट?"

"हाय उघडी. बी-बियानं कालच गाडीनं नेलं वावरात."

"बोलणं झालं का?"

"नाई. कालच्याला बांधावर भेटले. मी पाह्यलं, त्याइनं पाह्यलं. मंग त्याइनं आपले बैल बाजूले घेतले आन आमची गाडी जाऊ देली."