यानातली रिकामी खुर्ची

"यान उडतं की नाही ते मरू दे बाय, आत बसलेल्या बाईला भीती वाटते का ते सांग," स्टॅनी तुस्कानो एकदा दिग्दर्शिकेला म्हणाले होते.

वालीवच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं प्लास्टिकच्या बादल्यांचे साचे घडवले. निवृत्तीनंतर त्याच रस्त्यावरच्या एका गाळ्यात ते टीव्ही मालिकेसाठी अंतराळयान बांधू लागले. भिंती प्लायवुडच्या, बटणं बाटल्यांच्या झाकणांची. दिग्दर्शिका कृतिका जवळच्या आगाशी गावची. तिची ही पहिलीच मालिका, तेरा भागांची. वाहिनीचा अधिकारी शुक्रवारी पहिला भाग बघायला येणार होता. त्याला पटला नाही, तर मालिका तिथेच संपणार होती.

बुधवारी संगणकावर बनवलेला परग्रहवासी आला. पडद्यावर तो यानातल्या एकट्या बाईसमोर खुर्चीत बसला.

"हा तर भिजलेला बोका," कॅमेरामन रोनाल्ड म्हणाला.

कृतिका हसली नाही. "दुसरा करायला वेळ नाही. पैसेही नाहीत."

"मग काढूनच टाक त्याला," स्टॅनी म्हणाले.

"अंकल, खुर्चीत कोण बसेल मग?"

"कोणी नाही. आमच्या गावच्या नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात आदल्या रात्रीपर्यंत बाळाची गव्हाण रिकामीच असते. मेंढरं, राजे, सगळं मी जीव ओतून करतो. पण पोरं टाचा उंचावून त्या पेंढ्यातच बघत राहतात."

"आणि बाळ ठेवल्यावर?"

"मग केक खायला पळतात."

गुरुवारी प्रसंग पुन्हा चित्रित झाला. यानातल्या बाईचं काम करणाऱ्या यमुनाने दोन पेल्यांत पाणी ओतलं. एक पेला समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला आणि हात मागे घ्यायला विसरल्यासारखी ती बसून राहिली. शेजारच्या गाळ्यातलं यंत्र तेवढ्यात बंद पडलं. ती शांतता काळ्या पाण्यासारखी यानात भरत गेली. रोनाल्डने कॅमेरा थांबवलाच नाही.

शुक्रवारी अधिकाऱ्याने तो भाग मोबाइल हातात घेऊनच बघायला सुरुवात केली. पेला सरकला तेव्हा त्याने मोबाइल उलटा ठेवला. मग तेवढाच प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. कृतिका नखं खात उभी होती.

"तेराही भाग करा," तो शेवटी म्हणाला. "फक्त त्या खुर्चीतल्याला कधी दाखवू नका."

अधिकारी स्टॅनींकडे वळला. "तुम्ही तरी सांगा, कोण बसलंय तिथे?"

स्टॅनींनी मोजपट्टी खिशात टाकली, गाळ्याचं शटर अर्धं वर केलं आणि वाकून बाहेर उन्हात निघून गेले.