भट्टीतला डबा

धोंडबा मेश्राम पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या शिंकेने भिलाईतल्या आमच्या ई-रिक्षा कारखान्याचे पत्रे हादरले आणि पार रुआबांधा वस्तीतली कुत्री भुंकली. रंग सुकवायच्या भट्टीचा तो राजा.

रिक्षा धूर सोडत नाही, तर कारखान्यानेही वीज उधळू नये, म्हणून जेवणाच्या सुट्टीत भट्टी बंद ठेवायचा नियम आला.

मी म्हणालो, “धोंडबाभाऊ, माझा डबा गरम होईपर्यंत चालू राहू द्या ना.”

“साहेब पायतीन तं मलेच भाजतीन!” म्हणत त्याने भट्टी चालू ठेवली.

साहेबांनी पाहिलंच. “डबा कोणाचा?”

धोंडबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून विजेचं मीटर वाचू लागलो.

“माहाच हाये, साहेब.”

त्याला भट्टीवरून काढून गेटवर बसवलं. तिथूनच तो रिटायर झाला. मी भाजी थंडच खातो.