मऊ तार

आमचे हे पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. उभा जन्म तांब्याच्या तारेत गेला, त्यामुळे बाकीचे धातू यांच्या लेखी कचरा. माझ्या माहेरून लोखंडी कपाट आलं, तेव्हाही नाक मुरडलं होतं.

वादळ सुटलं तेव्हा आमचा थोरला मासेमारीच्या बोटीवर होता. वीज गेली, फोन बंद पडले. उरला सेलवर चालणारा जुना रेडिओ. कुठल्या बोटी कुठल्या बंदराला लागल्या, ते संध्याकाळच्या बातम्यांनंतर वाचून दाखवणार होते आणि आमच्या रेडिओत नुसती खरखर.

"गच्चीवर लांब तार ताणली की येईल आवाज," म्हणत हे रिळं काढून बसले. एकेक तार चिमटीत धरून बघायची आणि बाजूला ठेवायची.

"अहो, कपडे वाळत घालायची तार घ्या की. आयती बांधलेली आहे."

"ती लोखंडाची! गाढवाला गुळाची चव काय?"

एरवी मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी भांडायचंही त्राण नव्हतं. यांनी मोटारीत भरायची तार निवडली, टोकावरचं वार्निश खरवडलं, गच्चीवर ताणून एक टोक खिडकीतून रेडिओपर्यंत सोडलं. तार अस्सल होती, पण मोटारीत नीट वळावी म्हणून मऊ केलेली. तिला वाऱ्याशी झुंजायची सवय कुठली? आयुष्यभर मोटारीच्या पोटात तार बसवणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नाही.

हे वरच थांबले. मी रेडिओला कान लावून बसले. आवाज आला, अगदी स्वच्छ! बोटींची नावं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं, आमचं येईना. वर तार लांबत गेली आणि तुटली. पुन्हा खरखर. मी खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडले.

यांनी कपड्यांच्या तारेवरचा गंज खरवडून रेडिओकडे जाणारं लोंबतं टोक तिला गुंडाळलं. आवाज परत आला तेव्हा निवेदक म्हणत होता, "बाकीच्या बोटींचा अजून पत्ता नाही."

हे धावत खाली आले. बोटं रक्ताने माखलेली.

"आपली बोट आली का गं नावांत?"

त्या तोंडाकडे बघून माझ्याने नाही म्हणवेना. "आली," म्हणाले.

हे मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून चपला शोधायला लागले.

"चल लवकर. कुठल्या बंदराला लागलीय?"