आधी माणसं, मग बस्ते

मला उभं करणाऱ्यांत पहिलं नाव घ्यायचं तर ते विनायकराव मोघे यांचं, आमच्या मोघेसाहेबांचं. गेल्या महिन्यात ते गेल्याचं कळलं, तेव्हा डोळे भरून आले. पण तासाभरात घरात त्यांच्या गोष्टी निघाल्या आणि आम्ही चक्क हसत होतो... माणूसच तसा.

शिवपुरीच्या शाळेत शिकून मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, ग्वाल्हेरला बांधकाम खात्याच्या कचेरीत लागलो आणि जयेंद्रगंजात खोल्या घेऊन विधवा आईला घेऊन आलो. साहेब कचेरीचे प्रमुख. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता. आता मध्यप्रदेश होऊन कचेरी भोपाळला हलणार होती. हुकूम आला आणि काम ठप्प. कागदांचे बस्ते लाल फडक्यांत बांधायचे, तर कुणी गाठच मारीना. शेजारच्या टेबलावरचे शर्माजी म्हणाले, "साहब, काग़ज़ चले जाएँगे, हम नहीं जाएँगे." माझ्या घरी तर आईच हटून बसली होती, "तू जा. मी हे गाव सोडणार नाही." तिला एकटं टाकून जाणार कसा? घराण्यातली पहिली सरकारी नोकरी सोडायच्या बेताला मी आलो होतो.

साहेब कुणावर रागावले नाहीत. रजा टाकून स्वतः भोपाळला गेले, घरं, नळ, शाळा पाहून आले आणि मग संध्याकाळी एकेकाच्या दारात उभे राहू लागले. शर्माजींसाठी मुलीच्या शाळेजवळचं घर हेरून आले होते. आमच्याकडे आले, तेव्हा आईने पदर सावरून सुनावलं, "तुम्ही याचे साहेब. माझे नाही."

"अगदी खरं! म्हणून तर विचारायला आलो. तुम्हाला तिथे काय लागेल?"

आईने बसायला पाट पुढे सरकवला. असं तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं... मग म्हणाली, "हा दिवसभर कचेरीत. मी बोलू कोणाशी, भिंतीशी?"

"आमच्या शेजारचंच घर घ्या. आमच्या मंडळींना भांडायला तोडीचं माणूस हवंय, मी पुरा पडत नाही."

"मी भांडण काढत नसते," आई म्हणाली, "पण कुणी काढलं तर सोडतही नाही."

"मग ठरलं!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुलांच्या नकाशांचे सगळे बस्ते माझ्या ताब्यात दिले. "हे तुम्ही न्यायचे. कसे, ते मी विचारणार नाही." त्या दिवशी मी जेवायचंही विसरलो. शर्माजी गाठी मारता मारता गुणगुणत होते. पगारवाढ किंवा बढती देणं साहेबांच्या हातात नव्हतं. पण घरच्यांची सोय लागली, सोबत मिळाली आणि वर कुणी भरवसा टाकला, की माणसाला कामाला जुंपावं लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे हुद्दा वाढल्यावर व्यवस्थापनावरची पुष्कळ भाषणं मी ऐकली. याहून वेगळं फारसं कुणी सांगितलं नाही.

निवृत्त होऊन साहेब ग्वाल्हेरला परतले. काही वर्षांनी मी त्यांना लिहिलेलं पत्र असं होतं:

"तीर्थस्वरूप साहेबांस शिरसाष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादाने बढती मिळाली, बदलीही ग्वाल्हेरलाच. पण आई भोपाळ सोडायला तयार नाही. रीवा, नागपूरकडून नवी बिऱ्हाडं येतात, त्यांना पहिल्या दिवशी हीच जेवायला वाढते. म्हणते, 'मी गेले तर या बायकांना कोण आहे?' मी समजावायला गेलो तर म्हणाली, 'तुझ्याशी काय बोलायचं? साहेबांना पाठव.' तरी आपण एकदा यावं. गाडी कळवावी; स्टेशनवर आम्ही दोघंही येऊ."